कोल्हापूरची विज्ञान-पायपीट: घाटापासून भट्टीपर्यंत (मार्ग लिहिलाय, चुका काढा)

तिकटीवरची (धागाकर्ती)
सोमवार, रात्री ९:१०

पुण्याची भाची सुट्टीला आली होती. अंबाबाई झाली, रंकाळ्यावरची भेळ झाली, तांबडा-पांढरा दोनदा झाला. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आत्या, एवढी वर्षं फिजिक्स शिकवलंस, मग मला ह्या गावातलं फिजिक्स दाखव की." मी गप्पच. एकोणतीस वर्षं फळ्यावर उतारावरून ठोकळे घसरवले, आणि ज्या पुलावरनं रोज कॉलेजला गेले त्याच्या कमानीबद्दल वर्गात एक अक्षर काढलं नव्हतं.

मग बसून मार्ग आखला. काल आम्ही नऊजण सकाळी साडेसहाला पंचगंगा घाटावरनं निघालो आणि पावणेबाराला उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, चहाला टेकलो. अंतर पाच-सहा किलोमीटरच असेल, वेळ सगळा बोलण्यात गेला.

घाटावरनं शिवाजी पुलाच्या दगडी कमानी दिसतात. १८७०च्या दशकातलं काम. दगड दाब वाटेल तेवढा सोसतो, पण ताणलं की तडकतो. कमानीची करामत अशी की प्रत्येक दगड शेजाऱ्याला रेटत राहतो, ताण कुणाच्याच वाट्याला येत नाही. भाचीला म्हटलं, लग्नाच्या पंगतीत दाटीवाटीनं बसलेली माणसं आठव, मधला कुणी पडूच शकत नाही.

पण पुलापेक्षा मला बोलायचं होतं बंधाऱ्याबद्दल. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे नाव महाराष्ट्रभर पाटबंधारे खात्याच्या कागदांवर असतं, आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पात्रात खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या. पावसाळ्याआधी बरगे काढून ठेवायचे, म्हणजे पूर, गाळ, ओंडके सगळं सुखानं निघून जातं. पाऊस सरला की बरगे घालायचे, पाणी नदीच्या दोन काठांच्या आतच तुंबतं. कुणाची जमीन बुडत नाही, गाव उठवावं लागत नाही. फक्त एक अडचण राहते: पाणी नदीतच खाली राहतं, पाटानं आपोआप शेतात जात नाही. ते उपसावं लागतं. हे ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

(आपला राजाराम बंधारा कसबा बावड्याकडं आहे, चालत घेतला नाही. पण पावसाळ्यात सगळं गाव फोनवर जो आकडा बघत असतं तो तिथलाच. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ ला ५५ फुटांच्या वर गेला होता, तेव्हाचं काही सांगायला नको.)

घाटाजवळ ब्रह्मपुरीची टेकडी. १९४५-४६ साली इथं उत्खनन झालं आणि सातवाहन काळातली वस्ती सापडली. इथंच मिळालेली रोमन कांस्यमूर्ती, समुद्रदेव पोसायडनची, टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. वीतभर मूर्ती, पण पायाच्या नसा बघा. ओतकाम काय असतं ते तिथं कळतं. टाऊन हॉल, शेजारचं सीपीआर रुग्णालय आणि न्यू पॅलेस, तिन्हींचे आराखडे मेजर चार्ल्स मँटचे. तिथं आम्ही फार थांबलो नाही, इमारतींबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत.

पुढं बिनखांबी गणेश मंदिर, मग खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ. तिथनं खासबाग मैदान. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधून घेतलं. कुठल्याही पायरीवर बसा, पुढच्याचं डोकं कुस्तीच्या आड येत नाही. हौदा खाली, प्रेक्षक वर, मधे खांब नाही. शेजारचं पॅलेस थिएटर, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५चं. ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेत आवाज जायचा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. तिथं मी बोलायला गेले आणि मला बोलता येईना. माझं पहिलं नाटक तिथलं.

मंगळवार पेठेतला पाण्याचा खजिना कितीजणांना माहीत आहे? कळंब्याच्या तलावातलं पाणी पंपाशिवाय, निव्वळ उतारानं इथवर यायचं. "खजिना" हे नाव ज्यानं ठेवलं त्याला माझा नमस्कार.

शेवटी कोटीतीर्थाजवळची शाहू मिल, १९०६ साली सुरू, २००३ पासून बंद. आणि मग उद्यमनगर.

आता माझं म्हणणं. बंधाऱ्यानं पाणी अडवलं, पण शेतात चढवलं नाही. चढवायला पंप लागला, पंपाला ऑइल इंजिन लागलं. इंजिन म्हणजे सिलिंडर, हेड आणि ते भलंमोठं चाक, सगळं बिडाचं (ओतीव लोखंडाचं), म्हणजे ओतकाम आलं. ओतकामाला पॅटर्न करणारा सुतार आणि लेथवर बसणारा मेस्त्री लागला. पाणी आलं म्हणून ऊस वाढला, ऊस वाढला म्हणून रस काढायला चरक लागले, चरकही बिडाचे. नदीच्या बरग्यापासून उद्यमनगरच्या भट्टीपर्यंत एकच दोरा आहे. भाचीला पटलं. तुम्हाला पटतंय का?

---

बरगेवाला
सोमवार, रात्री १०:०२

पाटबंधाऱ्यात हयात गेली, म्हणून आधी बरग्याचं. पूर्वी बरगे लाकडी असायचे. दोन ओळींत लावायचे आणि मधल्या फटीत माती ठासायची, तेव्हा कुठं गळती आटोक्यात यायची. आता लोखंडी आले. गळती आहेच, आणि चोरीची भर पडली. भंगारात लोखंडाला भाव असतो, लाकूड फार तर चुलीत गेलं असतं.

दुसरं, बंधारा सांगितलात आणि राधानगरी विसरलात. वर धरणातनं पाणी सोडलं नाही तर उन्हाळ्यात खाली बंधाऱ्यात काय अडवणार, वाळू? शाहू महाराजांनी १९०९च्या सुमारास भोगावतीवर काम काढलं, १९१८ला ते थांबलं, पुरं व्हायला १९५०चं दशक उजाडलं. साठा ८.३६ टीएमसी.

पण तुमच्या फिजिक्ससाठी खरा माल म्हणजे तिथले सात स्वयंचलित दरवाजे. वीज नाही, मोटर नाही, बटण दाबायला माणूस नाही. दरवाजाच्या दुसऱ्या अंगाला वजन टांगलेलं. धरण भरलं की पाण्याचा दाब त्या वजनाला भारी पडतो आणि दरवाजा उघडतो. पातळी उतरली की वजन जिंकतं, दरवाजा बंद. एका दरवाजातनं १४२८ क्युसेक. जुलैत "सहाव्या क्रमांकाचा दरवाजा उघडला" ही बातमी येते तेव्हा लोकांना वाटतं कुणा साहेबानं उघडला. साहेब घरी झोपलेला असतो.

---

तिकटीवरची
सोमवार, रात्री १०:२०

चूक कबूल. खरं तर हा तराजूच झाला, एका पारड्यात नदी. घाटावर उभं राहून राधानगरीचं सांगता येईल, ते पाणी शेवटी घाटापाशीच येतं.

---

दुरून_डोंगर
सोमवार, रात्री ११:४५

शाहू मिलचा भोंगा! आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते भोंग्यावर लावायचं. आजी म्हणायची, "भोंगा झाला, दूध आलं न्हाई अजून." बावीस वर्षं बंगळुरात काढली, इथं सगळ्यांकडं वेळ दाखवायची यंत्रं आहेत आणि वेळेवर कुणी येत नाही.

स्टेशन का नाही घेतलं? मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ची, संस्थानची. १८८८ साली पहिली कुदळ शाहू महाराजांनी मारली, तेव्हा ते तेरा-चौदा वर्षांचे होते, राज्यकारभारही हाती आला नव्हता. लाईन मीटर गेज होती, १९७१ला ब्रॉड गेज झाली. वडील सांगायचे, रूळ बदलले तेव्हा लोक बघायला जायचे.

---

शंकासूर
मंगळवार, सकाळी ७:१५

धागा चांगला. पण एक प्रश्न, आणि तो मुद्दाम विचारतोय. महाद्वार रोडवरनं गेलात, बिनखांबी गणपती घेतलात, आणि त्याच्या अलीकडचं अंबाबाईचं देऊळ गाळलंत. किरणोत्सव, म्हणजे वर्षातनं दोनदा मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा, हा ह्या गावातला सर्वांत प्रसिद्ध "प्रयोग" आहे. तुम्ही फिजिक्सवाल्या म्हणून अवघड वाटलं का?

---

तिकटीवरची
मंगळवार, दुपारी १:३०

पकडलंत. मुद्दाम गाळलं, कारण सांगते.

काही वर्षांपूर्वी एका सहलीबरोबर मीच ऐकायला गेले होते. वाटाड्या तरुण, आवाज खणखणीत. देवळाच्या दारात त्यानं सांगितलं की आपल्या पूर्वजांनी असं गुप्त गणित वापरलंय की ते जगात कुणालाच उलगडलेलं नाही. मी म्हटलं, बाळा, अकरावीच्या पोरीला उलगडेल. तर सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी देवीलाच काही बोलले. तेव्हापासून तो विषय नको वाटतो. पण तुम्ही काढलाच आहे, तर सविस्तर.

तारखा बघा: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. आता बोटं मोजा. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस. २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२ दिवस. म्हणजे सर्वांत छोट्या दिवसाच्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर. का? सूर्य दक्षिणेकडं सरकत जातो, २१-२२ डिसेंबरला वळतो आणि त्याच वाटेनं परत येतो. वाटेतली प्रत्येक जागा तो वर्षातनं दोनदा ओलांडतो. ह्या दोन्ही तारखांना तो विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला असतो, आणि कोल्हापुरातनं बघितलं तर नेमक्या पश्चिमेच्या जवळजवळ १८ अंश डावीकडं, म्हणजे दक्षिणेकडं, मावळतो. दारं त्या दिशेशी जुळली की झालं, वर्षातनं दोनदा प्रकाश आत येणारच. एकदाच आला असता तर मी चमत्कार मानला असता.

तीनच दिवस का? त्या दिवसांत मावळायची जागा रोज पाव अंशाच्या आसपास सरकते. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं. म्हणजे दिवसाला अर्धं बिंब इकडं तिकडं. दोन-तीन दिवसांत तो चौकटीबाहेर.

आणि आधी पाय, मग कंबर, मग चेहरा हे काय? सूर्य वर असताना किरण तिरके येतात, दाराच्या वरच्या चौकटीनं ते कापले जातात आणि फरशीवरच पडतात. सूर्य जसा खाली, तसे किरण आडवे होत जातात, आणि उजेडाचा पट्टा आत सरकत मूर्तीवर चढतो. चेहऱ्यापर्यंत पोचायला सूर्य अगदी मावळतीला टेकलेला लागतो.

इथंच गोम आहे. काही वर्षी किरणं गुडघ्यापर्यंत येऊन थांबतात, मग वर्तमानपत्रांत महाद्वार रोडच्या इमारतींवर अडथळ्याचा ठपका येतो. हिशोब करून बघा. देवळापासून शंभर मीटरवर कुणी गच्चीचा कठडा पावणेदोन मीटर उंच केला तर क्षितिजाचा एक अंश झाकला जातो. तेवढं उतरायला सूर्याला साडेचार मिनिटंही लागत नाहीत. पण चेहऱ्यावर उजेड पडायचा असतो तो नेमका त्याच मिनिटांत! एका माणसाच्या उंचीएवढी भिंत, आणि देवी अंधारात. शिवाय धूळ, ढग आणि गारठा पडायला लागल्यावरचा धुरकटपणा आहेच.

ज्यांनी हे देऊळ उभं केलं त्यांनी सूर्य अनेक वर्षं निरखला असणार, हे मी मानते. त्यासाठी गुप्त काही लागत नाही. एक काठी, एक भिंत आणि चिकाटी एवढंच लागतं, आणि चिकाटी ही काही सोपी गोष्ट नाही.

---

शंकासूर
मंगळवार, दुपारी २:०५

गच्चीच्या कठड्याचं गणित जबरी. आमची गच्ची महाद्वार रोडला नाही ह्याचा आज पहिल्यांदा आनंद झाला.

---

बिडाचा_तवा
मंगळवार, रात्री ९:५०

मॅडम, मार्ग चांगला हाय. पर उद्यमनगरात येऊन नुसता चहा पिऊन गेलासा, कुणाच्या शेडात शिरला न्हाईसा, हे काय बरोबर न्हाई. ताजमहाल बघायला जाऊन पार्किंगमधनं परत आल्यागत झालं.

तीन पिढ्या फौंड्रीत हाय, म्हणून बोलतो. तुमचा दोरा नदीपास्नं भट्टीपर्यंत, ऐकायला गोड हाय. खरं म्हणजे तसा सरळ न्हाई. आमच्या आज्ज्यानं पहिल्यांदा काय केलं? दुरुस्ती. मिलचा कुठला तरी गिअर तुटला, छापखान्याचं यंत्र बसलं, मोटारीचा पार्ट मुंबईस्नं याला महिना लागतोय, तर इथंच करून दे. तुटलेला तुकडा बघायचा, तसाच नवा ओतायचा. त्यातनं हात बसला. इंजिन त्याच्यानंतरचं. म्हादबा मेस्त्रींचं नाव आमच्यात अजून आदरानं घेत्यात ते ह्याच्यासाठीच. पदवी न्हाई काय न्हाई, नुसत्या नजरंनं यंत्र उलगडायचं. म्हणून पाण्यानं उद्यमनगर केलं असं म्हणू नका. दुरुस्तीनं केलं. पाण्यानं मोठं केलं.

आता तुमास्नी शाळेतलं देतो. पॅटर्न करणारा सुतार पार्टाचं माप घेतो तेव्हा खऱ्या मापाचा पॅटर्न करत न्हाई. बीड थंड होताना आकसतं, शंभराला एक ह्या हिशोबानं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा. त्यांची फूटपट्टीच येगळी असते, तिच्यावरचा इंच जरा लांब असतो. पोरास्नी ती पट्टी आणि साधी पट्टी शेजारी ठेवून दाखवा, तोंडं बघण्यासारखी होत्यात.

वाळूचं पण सांगतो. साच्याची वाळू मुठीत दाबायची. मूठ उघडल्यावर गोळा राह्यला पायजे आणि बोटानं मोडला की स्वच्छ तुटला पायजे. लई ओली असली की वाफ कोंडून पार्टात भोकं पडत्यात, सुकी असली की साचा ढासळतो. आता यंत्रं हायत मोजायला. पर जुना मोल्डर मुठीवरच सांगतो, आणि यंत्र त्याच्याशी सहमत होतं.

---

तिकटीवरची
मंगळवार, रात्री १०:३०

"पाण्यानं मोठं केलं." हे मान्य. माझा दोरा मी मागं घेत नाही, पण त्याचं एक टोक तुमच्या आज्ज्याच्या हातात देते.

आणि शेडात शिरलो नाही कारण आमंत्रण नव्हतं. आता आहे असं समजू का?

---

खरी_कॉर्नर
बुधवार, सकाळी ८:४०

कॅमेरा स्तंभाला एका ओळीत गुंडाळलंत, निषेध! आणि वरच्या तवेकरांच्या "दुरुस्तीतनं कारखाना" ह्याचा सगळ्यात मोठा पुरावा तर तिथंच उभा आहे.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर, दोघं चुलत भाऊ, आडनाव मेस्त्री. पडदे रंगवणारे कलाकार. चित्रपट करायचा तर कॅमेरा हवा आणि विलायती कॅमेरा परवडत नाही. मग मुंबईच्या चोरबाजारातनं जुना प्रोजेक्टर आणला आणि तो उलगडून कॅमेरा करायला बसले. आता हे वेडेपण वाटेल, पण आहे अगदी तर्काला धरून. प्रोजेक्टरमध्ये उजेड आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. मधलं यंत्र जवळपास तेच: पट्टी एक घर पुढं ओढायची, थांबवायची, झडप उघडायची, मिटायची, परत ओढायची. हे "थांबवणं"च सगळ्यात अवघड. पट्टी जरा जरी हलली की चित्र फराटलं.

आनंदराव १९१६ला गेले, कॅमेरा अर्धवट राहिला. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं तो १९१८ला पुरा केला. त्यावरच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२०ला पहिला चित्रपट आला आणि टिळकांनी बाबूरावांना "सिनेमा केसरी" म्हटलं. पुढं ह्याच कंपनीतनं बाहेर पडलेल्यांनी १९२९ला कोल्हापुरात प्रभात काढली, ती १९३३ला पुण्याला गेली. पुणेकर भाचीला हे विशेष करून सांगा.

---

दुरून_डोंगर
बुधवार, सकाळी ९:००

शेवटच्या वाक्याला +१. मी पुणेकर बायकोला आत्ताच वाचून दाखवलं, चहा मिळालेला नाही.

---

गूळपोळी
बुधवार, दुपारी ३:२०

माहेर गुऱ्हाळाचं, म्हणून राहवत नाही. उद्यमनगरचे चरक आले, मग पुढचं रसायनशास्त्र कुठं गेलं?

रस काहिलीत चढवला की त्यात रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. तो तापला की मळी गोळा करून वर आणतो, मग ती काढून टाकायची. हे नाही केलं तर गूळ काळा. चुलवाणात चिपाडं जाळायची, त्याच उसाची. बाहेरचं सरपण घ्यायची गरजच नाही. आणि शेवटी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर. काहिली उतरवायची वेळ म्हणजे रस साधारण ११८ अंशांवर असतो, हे मला बारावीनंतर पुस्तकात कळलं. आमचा गुळव्या थेंबभर पाक थंड पाण्यात सोडायचा, बोटात गोळी वळायचा आणि "उतरा" म्हणायचा. मी एकदा प्रयोगशाळेतला तापमापक नेला होता. ११८च! त्यानं तापमापकाकडं बघून विचारलं, "ह्याला किती पगार?"

ऋतू ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. चालत होणार नाही, पण शहराभोवती गुऱ्हाळं आहेत. आणि शाहूपुरीतली गुळाची पेठ तर शहरातच आहे, १८९५ साली वसवलेली.

---

बिडाचा_तवा
बुधवार, दुपारी ३:४५

"ह्याला किती पगार" 😂 आमच्या मोल्डरला सांगतो आजच.

---

आकाशवेडा
बुधवार, रात्री ८:१५

एवढा धागा वाचला आणि नारळीकर नाहीत? जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. वडील विष्णू वासुदेव नारळीकर, तेही इथलेच, १९०८चा जन्म. सापेक्षतावादाचे गणिती, बनारस हिंदू विद्यापीठात गेले.

---

शंकासूर
बुधवार, रात्री ८:३०

जन्म इथला, पण वाढले बनारसला, शिकले केंब्रिजला, काम केलं मुंबई-पुण्याला. जन्मदाखल्यावर गावानं किती मिरवायचं?

---

आकाशवेडा
बुधवार, रात्री ९:०५

रास्त प्रश्न. म्हणून जन्मापेक्षा आजोळ सांगतो. आई सुमतीबाई ह्या इथल्या हुजूरबाजारांच्या. एक मामा वसंत हुजूरबाजार, जन्म कोल्हापूरचा, १९१९चा, पुढं संख्याशास्त्रात मोठं नाव, पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. दुसरे मोरूमामा. ते बनारसला नारळीकरांच्या घरी राहायला होते तेव्हा फळ्यावर भाच्यासाठी आव्हानाचं गणित लिहून ठेवायचे. भाच्यानं सोडवलं तर ठीक, नाहीतर उत्तर मामा लिहिणार. म्हणजे बनारसच्या त्या फळ्यावर खडू कोल्हापूरचाच होता. मिरवायचंच तर मामांना मिरवा.

---

शंकासूर
बुधवार, रात्री ९:१०

मामा मान्य. मी हरलो.

---

पायदुखी
गुरुवार, सकाळी ६:५०

सगळं छान, पण कुणी तरी व्यवहाराचं बोला. माझ्या आईचं वय ७४, तिला यायचं आहे. पाच तास सलग चालणं जमणार नाही. बायकांना मधे सोय कुठं? शाळेची मुलं आणली तर रविवारी महाद्वार रोडची गर्दी, हात सुटला की शोधत बसा. मी मुलीच्या वर्गाबरोबर एकदा असंच चाललोय. अर्ध्या पोरांचं लक्ष बर्फाच्या गोळ्याकडं आणि उरलेल्या अर्ध्यांचं गोळा खाणाऱ्या पोरांकडं.

---

तिकटीवरची
गुरुवार, रात्री ९:४०

सगळ्यांचं वाचून मार्ग मोडला आणि परत जोडला.

आता दोन तुकडे. पहिला पाण्याचा: सकाळी साडेसहा, घाट, पूल, बंधारा, राधानगरीचे दरवाजे, ब्रह्मपुरी, टाऊन हॉल. दीड-दोन तासांत संपेल, आईंना आणा, टाऊन हॉलच्या बागेत बसायला जागा आहे. दुसरा हातांचा: दुपारी चारला खरी कॉर्नर, खासबाग, पाण्याचा खजिना, शाहू मिल, उद्यमनगर. अंबाबाईचं देऊळ दोन्हींत नाही. ते १० नोव्हेंबरला वेगळं, महाद्वारापाशी, काठी आणि कोनमापक घेऊन. तेव्हा आत शिरायला जागा मिळणार नाही हे गृहीत धरलंय, बाहेरनं सूर्य मोजता येतो. स्टेशन आणि गुऱ्हाळ सध्या बाजूला. आकाशवेडा, मामांचं तुम्ही सांगायचं, टाऊन हॉलच्या बागेत, मी फळा आणते.

राहता राहिलं उद्यमनगर. तवेकर, विचारलं होतं, उत्तर आलेलं नाही.

---

बिडाचा_तवा
गुरुवार, रात्री १०:२५

उत्तर द्यायला काय, भट्टीवर होतो. येत्या शनिवारी धातू ओतायचा हाय, पाचच्या पुढं. पंधराच्या वर माणसं नकोत, जागा न्हाई. लांब पट्टीचा सुतार पण बोलावतो, म्हातारा हाय, मोठ्यांदा बोलायला लागतं. बूट घालून या, चप्पल चालणार न्हाई, कोल्हापुरी असली तरी. नायलॉनचे कपडे नकोत, ठिणगी पडली तर अंगाला चिकटतंय. आणि पाणी घरनं आणा, आमच्याकडं चहाच मिळंल.

---

पायदुखी
गुरुवार, रात्री १०:३१

आई विचारतेय, नऊवारी सुती चालेल का?

---

बिडाचा_तवा
गुरुवार, रात्री १०:३३

सुती चालंल. पदर खोचून. आणि आजीस्नी खुर्ची भट्टीपास्नं लांब टाकतो, पर दिसंल अशी.